लहान भक्षक माश्यांच्या नव्या जातींचे वर्णन

लहान भक्षक माश्यांच्या नव्या जातींचे वर्णन ही कीटकवर्गीकरणातील एक कार्यपद्धती आहे. विज्ञानाला पूर्वी ज्ञात नसलेली माशी गोळा करणे, ज्ञात जातींशी तिची तुलना करणे, तिची भेददर्शक लक्षणे निश्चित करणे, एक नमुना त्या नावाचा कायमस्वरूपी आधार म्हणून नेमणे आणि द्विनाम पद्धतीनुसार दिलेले नाव प्रकाशित करणे, हे तिचे प्रमुख टप्पे होत. या टप्प्यांपैकी एखादा अपुरा राहिल्यास माशी निसर्गात अस्तित्वात असूनही शास्त्रीय व्यवहारात तिला स्थान मिळत नाही. महाराष्ट्राच्या किनारपट्टीत, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्यातील जांभ्याचे सडे, वाळूचे किनारे आणि खाड्यांच्या परिसरात हे काम महत्त्वाचे ठरते. कारण तेथील अधिवास झपाट्याने बदलत आहेत.

## परिभाषा

मराठी विश्वकोशात ‘जाती’ हा शब्द वर्गीकरणाच्या मूलभूत एककासाठी, तर ‘प्रजाती’ हा शब्द परस्परांशी जवळचे नाते असलेल्या जातींच्या गटासाठी वापरला जातो. वृत्तपत्रांत मात्र ‘नवीन प्रजाती सापडली’ असे म्हणताना बहुधा जातीच अभिप्रेत असते. या लेखात विश्वकोशीय परिभाषा पाळली आहे. अनेक जाती मिळून प्रजाती, अनेक प्रजाती मिळून कुल आणि अनेक कुले मिळून गण होतो.

‘शोध’ आणि ‘वर्णन’ या दोन निरनिराळ्या घटना आहेत. माशी जाळीत सापडणे हा शोध होय. ती नवी असल्याचे सप्रमाण प्रसिद्ध करणे हे वर्णन होय. या दोहोंत बराच काळ जाऊ शकतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार नमुना प्रथम गोळा होणे आणि त्याचे नवी जाती म्हणून वर्णन होणे यांतील सरासरी अंतर २१ वर्षे इतके आढळले. संग्रहालयांच्या पेट्यांत नाव न मिळालेले असंख्य नमुने पडून असतात, ते यामुळेच.

## भक्षक माश्यांची कुले

माश्या, डास, चिलटे आदी कीटक डिप्टेरा (द्विपंखी) गणात मोडतात. या गणातील कीटकांना पंखांची एकच कार्यक्षम जोडी असते. मागील जोडीचे रूपांतर संतोलक नावाच्या गुंडीसारख्या अवयवांत झालेले असून उडताना तोल सांभाळण्याचे काम ते करतात. गणात दीड लाखाहून अधिक जातींचे वर्णन झाले आहे. त्यांतील अनेक कुलांत प्रौढ माश्या शिकार करून जगतात.

डॉलिकोपोडिडी. लांब पायांच्या, बहुधा धातूसारखी हिरवी-निळी झळाळी असलेल्या या माश्या साधारणतः १ ते ९ मिलिमीटर लांबीच्या असतात. सात हजारांहून अधिक जाती ज्ञात आहेत. पानांवर, ओलसर चिखलावर आणि पाण्याच्या कडेला त्या वावरतात. मावा, फुलकिडे, कोलेम्बोला, चिलटांच्या व डासांच्या अळ्या असे मऊ शरीराचे लहान जीव त्या मुखांगांच्या पाळ्यांत धरून चिरडतात व त्यांतील द्रव शोषतात. मेडेटेरा या प्रजातीच्या अळ्या झाडांच्या सालीखाली राहून साल पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात.

हायबोटिडी. या कुलातील माश्या बहुतांशी काही मिलिमीटर लांबीच्या असतात. पूर्वी त्यांचा समावेश एम्पिडिडी कुलात होत असे. १९८३ साली मिलान ख्वाला यांनी त्यांना स्वतंत्र कुलाचा दर्जा दिला. प्लॅटिपाल्पस प्रजातीत मधल्या पायांचे मांडीचे खंड जाड असून भक्ष्य पकडण्यासाठी त्यांचा चिमट्यासारखा उपयोग होतो.

ॲसिलिडी. रॉबर माशी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या कुलातही सात हजारांहून अधिक जाती आहेत. दोन डोळ्यांमधील खोलगट भाग आणि चेहऱ्यावरील राठ केसांचा झुबका ही यांची ठळक ओळख आहे. हा झुबका धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहऱ्याचे रक्षण करतो, असे मानले जाते. ही माशी बहुधा उडते भक्ष्य हवेतच पकडते, टोकदार सोंडेने त्याच्या शरीरात विषारी लाळ सोडते आणि विरघळलेले अंतर्द्रव्य शोषून घेते. सुमारे ६ मिलिमीटर लांबीच्या होल्कोसेफाला या प्रजातीतील माशीवर २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की ती भक्ष्याच्या मागे न धावता ते पुढे जेथे पोहोचणार आहे त्या दिशेने झेपावते.

यांखेरीज घरमाशीच्या म्हणजे मुसिडी कुलातील लिस्पे प्रजातीच्या माश्या ओल्या वाळूवर व चिखलावर शिकार करतात. एफिड्रिडी कुलातील ऑक्थेरा प्रजातीच्या माश्यांचे पुढचे पाय प्रार्थनाकीटकाच्या पायांसारखे पकडीचे असतात.

## इतिहास

प्राण्यांच्या नामकरणाचा प्रारंभबिंदू कार्ल लिनीअस यांच्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाची १७५८ मधील दहावी आवृत्ती हा मानला जातो. लिनीअस यांचे शिष्य योहान क्रिश्चन फॅब्रिसिअस यांनी १८०५ साली द्विपंखी कीटकांवर स्वतंत्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे तमिळ किनाऱ्यावरील तरंगंबाडी या तत्कालीन डॅनिश वसाहतीतूनही नमुने पोहोचले होते. ख्रिश्चन रुडॉल्फ वीडेमान यांनी १८२८ ते १८३० या काळात युरोपबाहेरील द्विपंखी कीटकांवर दोन खंड लिहिले. त्या काळच्या वर्णनांत स्थळाचा उल्लेख अनेकदा ‘पूर्व भारत’ एवढाच असे. परिणामी माशी नेमकी कोठून आली होती, हे आज सांगता येत नाही.

ब्रिटिश भारतातील प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत द्विपंखी कीटकांचे पहिले खंड एन्रिको ब्रुनेट्टी यांनी लिहिले. व्यवसायाने संगीतकार असलेल्या ब्रुनेट्टी यांचे वास्तव्य दीर्घकाळ कोलकात्यात होते. त्यांचे खंड १९१२, १९२० आणि १९२३ साली प्रसिद्ध झाले. १९२२ मध्ये थिओडोर बेकर यांनी भारत व ऑस्ट्रेलिया प्रदेशातील डॉलिकोपोडिडी कुलावर विस्तृत प्रबंध लिहिला. १९१६ साली भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेची स्थापना झाल्यावर नमुने देशातच जतन करण्याची व्यवस्था अधिक दृढ झाली. रॉबर माश्यांवर या संस्थेतील ए. एन. टी. जोसेफ आणि पी. परुई यांचे काम विशेष महत्त्वाचे मानले जाते.

## कार्यपद्धती

### संकलन

लहान माश्या हाताच्या जाळीने झुडपांवरून, गवतावरून किंवा ओल्या जमिनीच्या लगत झाडल्याप्रमाणे फिरवून पकडतात. दीर्घकालीन संकलनासाठी मलेझ सापळा वापरतात. स्वीडिश कीटकशास्त्रज्ञ रेने मलेझ यांनी १९३०च्या दशकात तयार केलेला हा सापळा तंबूसारखा असतो. कापडाच्या भिंतीवर आदळलेले कीटक वर चढत जातात आणि टोकाशी बसवलेल्या मद्यार्काच्या बाटलीत पडतात. साबणमिश्रित पाणी भरलेल्या पिवळ्या ताटल्याही वापरल्या जातात. डॉलिकोपोडिडी माश्या त्यांत मोठ्या संख्येने सापडतात.

प्रत्येक नमुन्यासोबत स्थळ, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, दिनांक, संकलन करणारी व्यक्ती व पद्धत यांची चिठ्ठी ठेवणे आवश्यक असते. चिठ्ठी नसलेला नमुना वर्गीकरणाच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

### जतन

आनुवंशिक अभ्यासासाठी नमुने तीव्र मद्यार्कात व थंड जागी ठेवतात. कोरडे नमुने टाचणीवर लावले जातात. मात्र २–३ मिलिमीटरच्या माशीच्या वक्षातून नेहमीची टाचणी आरपार घातल्यास वर्णनासाठी लागणारे केसच नष्ट होतात. म्हणून अशी माशी कागदाच्या टोकदार त्रिकोणावर डिंकाने चिकटवतात, किंवा अतिसूक्ष्म टाचणीवर बसवून ती टाचणी मोठ्या टाचणीला जोडतात.

### निरीक्षण व तुलना

रंगावरून माशीची जाती क्वचितच निश्चित होते. सूक्ष्मदर्शकाखाली पुढील बाबी पाहिल्या जातात :

* शृंगिकांच्या खंडांचा आकार व त्यांवरील केसाचे स्थान;
* वक्षाच्या पाठीवरील राठ केसांच्या रांगा, त्यांची संख्या व लांबी;
* पंखांतील शिरांची मांडणी, त्यांची वळणे व परस्परांमधील अंतरांची गुणोत्तरे;
* पायांच्या खंडांवरील काटे, तसेच नराच्या पायांवरील झालर किंवा चपटे भाग;
* नराच्या उदराच्या टोकाची रचना.

यांपैकी शेवटची बाब बहुधा निर्णायक ठरते. डॉलिकोपोडिडी कुलात नराची जननेंद्रिये मोठी असून उदराखाली पुढच्या बाजूस वळलेली असतात. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या दोन माश्या याच अवयवांच्या रचनेवरून वेगळ्या ओळखता येतात. उदराचे टोक कापून कोमट पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ठेवले, की मऊ ऊती विरघळतात व कठीण भाग उरतो. तो ग्लिसरीनमध्ये ठेवून निरनिराळ्या कोनांतून त्याची चित्रे काढतात. अभ्यासानंतर तो सूक्ष्म कुपीत घालून मूळ नमुन्याच्याच टाचणीला लावतात, म्हणजे दोहोंची ताटातूट होत नाही. मादीला ही लक्षणे नसल्यामुळे केवळ मादी सापडल्यास अनेक प्रजातींत नवी जाती जाहीर करण्याचे टाळले जाते.

तुलना हा या कामाचा सर्वांत वेळखाऊ भाग आहे. त्या प्रजातीत आजवर वर्णिलेल्या, निदान शेजारच्या प्रदेशांतील, सर्व जातींची मूळ वर्णने वाचावी लागतात. ती जर्मन, फ्रेंच किंवा लॅटिन भाषेत असू शकतात. वर्णन अपुरे असल्यास लंडन, व्हिएन्ना, कोपनहेगन अशा ठिकाणी जतन केलेले मूळ नमुने पाहणे अपरिहार्य होते.

२००३ सालापासून पॉल हेबर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवलेली डीएनए बारकोड पद्धतही वापरात आहे. तीत तंतुकणिकेतील सीओआय जनुकाच्या सुमारे ६५८ घटकांच्या तुकड्याची तुलना केली जाते. नर-मादीची जोडी जुळवणे किंवा अळी कोणत्या जातीची आहे हे ओळखणे तिच्यामुळे सुकर झाले. परंतु ज्ञात जातींचे बारकोड आधी उपलब्ध नसतील, तर केवळ वेगळेपणावरून ‘नवी जाती’ असा निष्कर्ष काढता येत नाही. जुने नाव असलेली, पण कोणीही बारकोड न केलेली ती माशी असू शकते.

### लेखन

शोधनिबंधात नाव, व्युत्पत्ती, तपासलेल्या नमुन्यांची यादी, भेददर्शक लक्षणे, सविस्तर वर्णन, मोजमापे, चित्रे, अधिवास व आढळ असे भाग असतात. भेददर्शक लक्षणांचा परिच्छेद थोडक्यात असतो. ही माशी तिच्या जवळच्या जातींपासून कशी ओळखावी, एवढेच त्यात सांगितलेले असते. अनेक निबंधांत प्रदेशातील सर्व जातींसाठी ओळखतक्ता दिला जातो. त्यातील दोन-दोन पर्यायांतून निवड करत वाचक योग्य नावापर्यंत पोहोचतो.

## नामकरणाचे नियम

प्राण्यांच्या नावांचे नियमन आंतरराष्ट्रीय प्राणिनामकरण संहितेनुसार होते. तिची चौथी आवृत्ती १ जानेवारी २००० पासून लागू आहे. १९९९ नंतर प्रसिद्ध झालेल्या नव्या जातीच्या नावासाठी ते नवे असल्याचा स्पष्ट उल्लेख आणि नामधारक नमुन्याची निश्चिती या अटी आहेत. एकच नमुना नामधारक नेमल्यास त्याला होलोटाइप म्हणतात. त्याच मालिकेतील उर्वरित नमुने पॅराटाइप होत. पुढे जातीविषयी वाद झाल्यास लिखित वर्णनापेक्षा होलोटाइप प्रमाण मानला जातो. म्हणूनच तो कोणत्या संग्रहात आहे किंवा ठेवला जाणार आहे, हे निबंधात नमूद करावे लागते. २०१२ पासून केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणारी नावेही काही अटींवर ग्राह्य धरली जातात. त्यांसाठी झूबँक या नोंदवहीत आधी नोंदणी आवश्यक असते.

नाव लॅटिन लिपीत असावे लागते, मात्र शब्द कोणत्याही भाषेतील चालतो. स्थळावरून नाव देताना ‘-एन्सिस’ हा प्रत्यय, पुरुषाच्या नावाला बहुधा ‘-आय’ आणि स्त्रीच्या नावाला ‘-ए’ हा प्रत्यय लावतात. एकाच जातीला दोन नावे मिळाली असल्यास सामान्यतः आधी प्रसिद्ध झालेले नाव टिकते. स्वतःचेच नाव जातीला न देण्याचा संकेत अभ्यासक पाळतात.

## भारतातील कायदेशीर तरतुदी

जैविक विविधता अधिनियम, २००२ मधील कलम ३९ नुसार केंद्र सरकार जैविक साहित्यासाठी अधिकृत भांडारे नेमते. नव्याने सापडलेल्या जातीची माहिती अशा भांडाराला वा नेमलेल्या संस्थेला कळवणे आणि पुराव्यादाखल नमुने तेथे जमा करणे बंधनकारक आहे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था हे प्राण्यांसाठीचे असे भांडार असून तिचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आहे. मुंबईतील बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीकडेही (स्थापना १८८३) कीटकांचा जुना संग्रह आहे. अभयारण्ये व राष्ट्रीय उद्याने यांत संकलन करण्यास वनविभागाची परवानगी लागते. परदेशी व्यक्तींना भारतातील जैविक साहित्य संशोधनासाठी मिळवायचे असल्यास राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी आवश्यक असते.

## रत्नागिरी व कोकणातील स्थिती

रत्नागिरी जिल्ह्यात जांभ्या खडकाचे विस्तीर्ण पठारी भाग आहेत; त्यांना सडा म्हणतात. उन्हाळ्यात ते काळेशार व कोरडे दिसतात. पावसाळा सुरू होताच खडकातील खळग्यांत पाणी साठते, शेवाळ व गवत वाढते आणि काही महिन्यांपुरती पाणथळे तयार होतात. ओलावा, चिखल आणि मऊ शरीराचे लहान कीटक यांवर अवलंबून असलेल्या भक्षक माश्यांना असा अधिवास अनुकूल असतो. त्याचे आयुष्य अल्प असल्याने एका भेटीत केलेले सर्वेक्षण अपुरे ठरते; पावसाच्या निरनिराळ्या टप्प्यांत त्याच जागी पुन्हा जावे लागते.

किनाऱ्यावरील अधिवास वेगळे आहेत. भाट्ये येथील काजळी नदीच्या मुखासारख्या ठिकाणी वाळू, चिखल व कांदळवन लगतलगत आढळतात. आग्नेय आशियातील, विशेषतः सिंगापूर व थायलंडमधील कांदळवनांत पॅट्रिक ग्रोटार्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या अभ्यासांत डॉलिकोपोडिडी कुलातील अनेक नव्या जाती आढळल्या. आशियातील खारफुटीत या माश्यांची विविधता पूर्वीच्या समजुतीपेक्षा बरीच अधिक असल्याचे त्यावरून दिसून आले.

कोकणातून इतर प्राणिगटांतील नव्या जातींचे वर्णन अलीकडच्या काळात झाले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले गावातून मिळालेल्या पादहीन उभयचराचे वर्णन २००३ साली रविचंद्रन, गोवर व विल्किन्सन यांनी केले. गेगेनिओफिस शेषाचारी हे त्याचे नाव भारतीय प्राणिशास्त्रज्ञ बी. आर. शेषाचार यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. २०१९ मध्ये शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातून सेरिॲग्रिऑन क्रोमोथोरॅक्स या टाचणीचे वर्णन केले. जातिनामातील ग्रीक शब्दांचा अर्थ ‘रंग’ व ‘वक्ष’ असा आहे. २०२० मध्ये याच दोन अभ्यासकांनी महाराष्ट्राच्या किनारी भागातून ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस या चतुराचे वर्णन केले. हे नाव स्थळवाचक प्रत्ययाचे उदाहरण होय. चतुर व टाचण्या भक्षक असल्या तरी माश्या नव्हेत. त्यांना चार पंख असून त्या ओडोनाटा या स्वतंत्र गणात मोडतात. आकाराने मोठे, दिवसा उडणारे व छायाचित्रणास सोपे असे हे कीटक हौशी निरीक्षकांच्या नजरेस लवकर येतात. २–३ मिलिमीटरच्या माशीला असा निरीक्षकवर्ग लाभत नाही, आणि तिचे नाव निश्चित करण्यासाठी छायाचित्र बहुधा पुरेसे नसते.

महसुली नोंदींत सड्यांच्या जमिनी पुष्कळदा पोटखराब किंवा पडीक म्हणून दाखवलेल्या असतात. चिऱ्यांच्या खाणी, कातळ फोडून व माती भरून केलेली आंबा-काजूची लागवड, रस्ते आणि बांधकामे यांमुळे त्यांचे स्वरूप बदलत आहे. सड्यांवरील कातळशिल्पांमुळे या पठारांकडे सांस्कृतिक वारसा म्हणून लक्ष वेधले गेले असून २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत झाला. तेथील कीटकांच्या बाबतीत मात्र अडचण मूलभूत आहे : ज्या जातीला नाव नाही, तिचा समावेश प्राणिसूचीत, पर्यावरणीय अहवालात किंवा धोक्यातील जातींच्या यादीत होणे दुरापास्त असते. जेथून होलोटाइप मिळाला ती जागाच नष्ट झाली, तर पुढील अभ्यासकाला त्याच ठिकाणचे ताजे नमुने मिळवून मूळ वर्णन पडताळता येत नाही.

शेतीच्या दृष्टीनेही या ओळखीला महत्त्व आहे. मावा, फुलकिडे व लहान तुडतुडे यांसारखे पिकांवरील कीटक भक्षक माश्यांच्या आहारात असू शकतात. बागेत कोणती माशी कोणत्या किडीवर जगते, हे ठरवण्यापूर्वी ती माशी कोणती, हे निश्चित व्हावे लागते. नाव चुकल्यास प्रयोगांचे निष्कर्ष दुसऱ्याच जातीच्या नावावर जमा होतात.

## वाद व मर्यादा

नमुन्याशिवाय वर्णन. २०१५ साली मार्शल व इव्हनह्युइस यांनी दक्षिण आफ्रिकेतील मार्लेयिमिया झायलोपोडी या माशीचे वर्णन जतन केलेला नमुना नसताना छायाचित्रांच्या आधारे केले. ही माशी बॉम्बिलिडी कुलातील आहे. संहितेनुसार चित्रातील प्राणी हाच होलोटाइप मानता येतो, असा त्यामागील युक्तिवाद होता. त्यावर शेकडो वर्गीकरणतज्ज्ञांनी आक्षेप घेतला. छायाचित्रातून जननेंद्रियांची रचना किंवा डीएनए तपासता येत नाही आणि शंका आल्यास पुन्हा पाहण्यासारखे काही उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दुर्मीळ प्राणी मारणे टाळावे, ही समर्थकांची भूमिका आहे.

संग्रहांची सुरक्षितता. २ सप्टेंबर २०१८ रोजी रिओ दि जानेरो येथील ब्राझीलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला लागलेल्या आगीत तेथील कीटकसंग्रहाची मोठी हानी झाली. उष्ण व दमट हवामानात बुरशी आणि संग्रहातील कोरडे कीटक खाणारे भुंगेरे हेही कायमचे धोके आहेत. कोकणात पावसाळ्यात ते अधिक तीव्र होतात. यामुळे होलोटाइप राष्ट्रीय भांडारात आणि पॅराटाइप एकाहून अधिक संस्थांत विभागून ठेवण्याची शिफारस केली जाते.

वर्णनाचे तात्पुरतेपण. नवी जाती हे एक शास्त्रीय गृहीतक असते. अधिक नमुने मिळाल्यावर ती पूर्वीच्याच जातीचे रूप असल्याचे सिद्ध होऊ शकते. तसे झाल्यास नवे नाव कनिष्ठ पर्यायनाम ठरते. याउलट एकाच नावाखाली दोन-तीन जाती दडलेल्या असल्याचेही पुढे उघड होते. दोन्ही प्रसंगी निर्णयासाठी होलोटाइपकडेच वळावे लागते.

## हेही पाहा

* डिप्टेरा
* द्विनाम पद्धती
* भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था
* जैविक विविधता अधिनियम, २००२
* जांभा खडक
* कोकणातील कातळशिल्पे